राबत्या हातांचा अभिनय

सरिता जोशी यांचं नाव काढलं की सुरतेच्या कोसाडमधल्या मराठी घरांत बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो : 'त्या मालिकेतल्या बा ना?' 'बा, बहू और बेबी' ही मालिका स्टार प्लसवर २००५ ते २०१० या काळात दिसली आणि तिच्यातली गोदावरी ठक्कर आमच्या भागात घरोघरी ओळखीची झाली. ओळख खरी आहे, पण फार उशिरा झालेली आहे. टीव्हीवर ही म्हातारी येण्याआधी या बाईंची सारी उमेद रंगभूमीवर गेली होती. गुजराती नाटकाच्या एका पिढीला त्यांनी आपल्या मागे ओढून नेलं होतं. आणि त्याच्याही आधी त्या सरिता भोसले होत्या. पुण्यात, मराठी घरात जन्मलेल्या.

गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला हे कळलं की तो लगेच म्हणतो, 'अरे, म्हणजे आपलीच की!' मला तो आनंद समजतो. पण तेवढ्यावर थांबलं तर अभिनेत्री हातून निसटते. जन्म कुठं झाला यावरून कलावंताचं आपल्याशी नातं ठरत नाही. ते भूमिकांमध्ये शोधावं लागतं. सरिता जोशी यांच्या बाबतीत ते सापडतं एका हिंदी नाटकात, एका घरकाम करणाऱ्या मराठी बाईच्या तोंडी. 'सकुबाई' हे ते नाटक. या लेखाचा बराचसा भाग त्याच नाटकाचा आहे, पण तिथं पोचायला आधीची वाट माहीत हवी.

१९४१चा जन्म. वडील भीमराव भोसले बॅरिस्टर, आई कमलाबाई राणे गोव्याच्या. कुटुंब बडोद्यात वाढलं. सयाजीरावांच्या त्या शहरात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर गुजराती हे तिथल्या मुलांना नवं नव्हतं. वडील गेले, घरची घडी विस्कटली आणि पद्मा व सरिता या दोघी बहिणी नाटकात आल्या. सरिता तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती. घरात पैसा हवा होता, म्हणून ती मुलगी कामाला लागली. नाटक तिच्यासाठी छंद म्हणून सुरू झालंच नाही, नोकरी म्हणून सुरू झालं. हे मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण पुढच्या सगळ्या भूमिकांचा पाया मला इथं दिसतो.

ज्या रंगभूमीवर त्या आल्या, तिथं बाईचं असणं फार जुनं नव्हतं. आपल्याकडे जसे बालगंधर्व, तसे गुजरातीत जयशंकर 'सुंदरी'. १९०१ साली 'सौभाग्य सुंदरी' नाटकातल्या भूमिकेवरून त्यांना ते नाव चिकटलं आणि अनेक वर्षं गुजराती प्रेक्षकांनी बाईचं चालणं, लाजणं, रुसणं एका पुरुषाकडून पाहिलं. ती कला थोर होती यात शंका नाही. पण तिनं रंगमंचावरच्या बाईची एक ठरलेली मूर्ती करून ठेवली : नाजूक, सजलेली, सुरेल. खऱ्या बायका रंगभूमीवर आल्या तेव्हा त्यांना आधी ही मूर्ती बाजूला सारावी लागली. दीना गांधी, म्हणजे पुढच्या दीना पाठक, यांनी 'मेना गुर्जरी'त ते एका प्रकारे केलं. सरिता जोशी यांनी वेगळ्या प्रकारे केलं. त्यांनी रंगमंचावर कामाची बाई आणली. घाम येणारी, घाईत असणारी, एक डोळा चुलीवर आणि एक डोळा माणसांवर ठेवणारी.

आधी समूहातली कामं, मग लहानसहान भूमिका, आणि सोळा-सतरा वर्षांच्या वयात नायिका. जुन्या धंदेवाईक नाटकाची ही शाळा कडक होती. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेलाच पाहिजे, पाय तालात पडलाच पाहिजे, ताप असला तरी प्रयोग झालाच पाहिजे. पुढे त्या इंडियन नॅशनल थिएटरच्या गुजराती नाटकांत आल्या. मुंबईत १९४४ साली स्थापन झालेल्या या संस्थेनं गुजराती आणि मराठी दोन्ही रंगभूमींना आधुनिक वळण दिलं. तिथं प्रवीण जोशी हे दिग्दर्शक भेटले. त्यांनी गुजराती नाटकाला नेटकेपणा दिला, बोलणं जमिनीवर आणलं. सरिता त्यांच्या नाटकांच्या नायिका झाल्या आणि नंतर पत्नीही. केतकी दवे आणि पूर्बी जोशी या त्यांच्या दोन्ही मुली अभिनयातच आल्या. १९७९ साली प्रवीण जोशी ऐन उमेदीत गेले. दोन मुली पदरात आणि पोटासाठी रंगभूमी, अशा दुसऱ्या टप्प्यावर सरिता उभ्या राहिल्या. वडिलांच्या जाण्यानंतर जे लहानपणी झालं होतं, तेच पुन्हा. त्या थांबल्या नाहीत. १९८८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो गुजराती रंगभूमीवरच्या अभिनयासाठी.

'संतू रंगीली' ही त्या काळातली त्यांची सर्वात गाजलेली भूमिका. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चं मधु राय यांनी केलेलं गुजराती रूप, दिग्दर्शन प्रवीण जोशींचं. मराठी वाचकाला हे कथानक सांगायला नको, पु. लं.ची 'ती फुलराणी' १९७५ साली रंगमंचावर आली आणि भक्ती बर्वे यांच्या मंजुळेनं ते आपल्या रक्तात भिनवलं. अडाणी, रांगड्या बोलीची मुलगी, तिला 'शुद्ध' बोलायला शिकवणारा प्राध्यापक, आणि शेवटी शिकवणाऱ्यालाच प्रश्न विचारणारी ती मुलगी. मंजुळा आणि संतू या सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या. मी कुणाला वर, कुणाला खाली ठेवणार नाही. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. भक्ती बर्वे यांना मराठीतून मराठीत प्रवास करायचा होता; त्या दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका, प्रमाण भाषा त्यांच्या जिभेवर होती, त्यांना रांगडेपणा कमवावा लागला. सरिता जोशी यांचं उलट. ज्या भाषेच्या रंगभूमीवर त्या राज्य करत होत्या, ती त्यांच्या आईची भाषा नव्हती. दुसऱ्यांच्या भाषेत इतकं पारंगत व्हायचं की कुणाला शंकाही येऊ नये, हा संतूचा प्रवास त्यांनी स्वतः केलेला होता. उच्चार सुधारण्यासाठी माणसाला काय मोजावं लागतं, तोंडातला जुना सूर कुठं लपवावा लागतो, हे त्यांना माहीत होतं. संतूच्या भूमिकेला जी धार आली ती मला तिथून आलेली वाटते. केवळ विनोदी उच्चारांवर टाळ्या घेणारी संतू दुसरी कुणीही केली असती.

त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल इथं चार ओळी लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. पद्मा भोसले पुढे पद्माराणी या नावानं गुजराती रंगभूमीची राणी ठरल्या. जानेवारी २०१६मध्ये त्या गेल्या. त्यांचं सर्वात लोकप्रिय नाटक 'बा रिटायर थाय छे', दिग्दर्शक शफी इनामदार. मूळ नाटक मराठी : अशोक पाटोळे यांचं 'आई रिटायर होतेय', आणि त्यात पुन्हा भक्ती बर्वेच. आयुष्यभर घर सांभाळणारी बाई एक दिवस जाहीर करते की आता मी निवृत्त. दोन भोसले बहिणी आणि एक भक्ती बर्वे, मधे दोन नाटकं, दोन भाषा. मराठी आणि गुजराती रंगभूमीचं एवढं जवळचं नातं दुसऱ्या कुठल्या त्रिकुटात सापडेल असं मला वाटत नाही. शिवाय विषय पाहा : एका बहिणीची गाजलेली भूमिका घरकामातून निवृत्त होऊ पाहणाऱ्या बाईची, आणि धाकटीची सर्वात मोठी भूमिका जिला निवृत्तीचा विचारही परवडत नाही अशा बाईची.

ती म्हणजे सकुबाई.

नादिरा जहीर बब्बर यांनी लिहिलेलं आणि दिग्दर्शित केलेलं हे एकपात्री नाटक. त्यांची 'एकजुट' ही संस्था १९८१ची, आणि 'सकुबाई' आलं १९९९ साली. सरिता जोशी तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होत्या. रंगमंचावर मुंबईतल्या एका सुखवस्तू घराचा दिवाणखाना. घरात मालक मंडळी नाहीत. कामाला येणारी शकुंतला, जिला सगळे सकुबाई म्हणतात, ती रोजचं काम करते आहे. झाडणं, पुसणं, आवरणं. आणि ते करता करता ती आपलं आयुष्य सांगते. गावाकडचं बालपण, आईबरोबर मुंबईला येणं, आई घरोघर कामाला जात असताना धाकट्या भावंडांना सांभाळणं, मग स्वतःच ते काम हातात घेणं, लग्न, मूल. दुसरं पात्र नाही.

एकपात्री प्रयोगातली सर्वात मोठी अडचण हातांची असते. बोलायला शब्द असतात, पण हातांनी करायचं काय? बहुतेक नट मधोमध उभे राहतात, हात उंचावतात, प्रेक्षकांवर डोळे रोखतात आणि भाषण करतात. 'सकुबाई'ची रचनाच अशी की हातांना काम आहे आणि ते काम संपवायचंच आहे. मालकीण परत येण्याआधी घर लख्ख हवं. त्यामुळे आठवण कितीही जड असली तरी तिला कामाच्या मधल्या फटीतून यावं लागतं. सरिता जोशी यांनी या अटीला आपलं बळ केलं. त्यांच्या सकुबाईचं बोलणं कामाच्या लयीत चालतं. जोरात घासताना वाक्यं तुटक होतात, कपड्याची घडी घालताना सूर सैल होतो, पाठ सरळ करायला उभी राहिली की जुनी गोष्ट आठवते. लिखित संहितेतलं वाक्य आणि शरीरातली हालचाल यांची अशी सांगड फार थोड्या नटांना जमते. त्यासाठी काम म्हणजे काय हे शरीराला ठाऊक असावं लागतं. लहानपणी कमवायला निघालेल्या मुलीच्या शरीराला ते ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथं मराठी प्रेक्षकानं कान टवकारायला हवेत. हिंदी सिनेमात आणि मालिकांत मराठी कामवाली हा कायमचा हसण्याचा विषय आहे. नऊवारी खोचायची, चार मोडके शब्द तिच्या तोंडी घालायचे, 'काय को' म्हणायला लावायचं की झालं काम. वर्षानुवर्षं हे चाललं आणि आपणही हसत आलो. 'सकुबाई'ची हिंदी देखील मराठी वळणाची आहे, पण सरिता जोशी यांच्या तोंडी ती हास्यास्पद होत नाही. कारण त्यांनी हिंदीवर मराठीचा मुलामा दिलेला नाही. त्यांच्या बोलण्यात मराठी खाली आहे आणि हिंदी वर. हेल मराठी, विचार मराठी, लाज आणि राग मराठी. शब्द तेवढे या शहरात चालतात म्हणून हिंदीतले. मुंबईत, सुरतेत, इंदुरात पोटासाठी दुसरी भाषा बोलणारी आपली माणसं अशीच बोलतात. सारं आयुष्य गुजरातीत रंगमंचावर घालवलेल्या बाईच्या आत आईची भाषा किती शाबूत होती, हे कळायला एका हिंदी नाटकाची गरज पडली. मघाशी मी म्हटलं ते नातं मला इथं सापडतं.

सकुबाई इतरांची सोंगं करते तेव्हा तर नाटक बहरतं. मालकीण, तिची मुलं, स्वतःची आई, नवरा, शेजारपाजार, सगळे एका शरीरातून येऊन जातात. नकला करणं हा अभिनयाचा सोपा भाग समजला जातो. पण नोकरानं केलेली मालकाची नक्कल ही साधी नक्कल नसते. ज्यांच्या घरात आपण रोज असतो आणि जे आपल्याकडे पाहत नाहीत, त्यांना आपण किती बारकाईनं पाहिलं आहे याची ती साक्ष असते. सरिता जोशी यांच्या नकलेत द्वेष नाही, लोटांगणही नाही. त्यांची सकुबाई मालकिणीला ओळखून आहे. तिची लबाडीही आणि तिचं एकटेपणही. हा तोल संहितेत आहेच, पण बोलताना आवाज अर्धा सूर जरी चढला असता तरी तो बिघडला असता.

मग ती जागा येते जिथं लहानपणी नात्यातल्याच माणसानं केलेल्या अत्याचाराची गोष्ट सकुबाई सांगते. हिंदी रंगभूमीवर आणि आपल्याकडेही अशा जागी नटी बहुधा टाहो फोडते. प्रेक्षकही त्याची वाट पाहत असतात. साठीला आलेल्या बाईनं लहान मुलगी दाखवायची, तिच्यावर काय झालं ते दाखवायचं, आणि पुन्हा तीच प्रौढ बाई होऊन पुढच्या कामाकडे वळायचं, एवढं सगळं काही मिनिटांत. सरिता जोशी इथं वय बदलण्यासाठी आवाज लहान मुलीसारखा करण्यावर भर देत नाहीत. त्या शरीर आवळतात. माणूस जागा कमी व्यापू लागला की लहान वाटतो. ही युक्ती कंपनी नाटकातली नाही, कुठल्या पुस्तकातली नाही. ज्यांनी घाबरलेली मुलं पाहिली आहेत त्यांना ती लगेच कळते. आणि काही वेळापूर्वी ज्या बाईबरोबर आपण हसलो होतो तिचंच हे आयुष्य, ही जाणीव प्रेक्षागृहात पसरते. हसू आणि दुःख यांच्यामध्ये त्या पडदा ओढत नाहीत, म्हणून दोन्ही खरी वाटतात.

नाटकात दोष नाही असं मी म्हणणार नाही. एकाच बाईच्या वाट्याला संकटांची फार मोठी यादी आली आहे. एक संपलं की दुसरं, आणि कुठं तरी मन म्हणतं की लेखिकेला सगळ्या घरकामगार बायकांचं दुःख एकीच्याच गळ्यात घालायचं आहे. कच्च्या नटीच्या हाती हे नाटक दुःखाचं प्रदर्शन होऊन बसेल. सरिता जोशी त्याला वाचवतात ते सकुबाईच्या विनोदबुद्धीच्या जोरावर. त्यांची सकुबाई आपल्या आयुष्याची कीव करत नाही. मुलीला शिकवायचं, एवढी एक गोष्ट तिनं धरून ठेवली आहे, आणि ती सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मागच्या सगळ्या संकटांना पुरून उरतं.

हे नाटक कोसाडमध्ये राहून वाचताना, ऐकताना, त्यावर विचार करताना वेगळं लागतं. इथं महानगरपालिकेनं झोपडपट्ट्यांतल्या कुटुंबांसाठी बांधलेलं कोसाड आवास आहे. मजल्यावर मजले, एका जिन्यावर गुजराती, ओडिया, हिंदी आणि खानदेशातून आलेली मराठी. शहराच्या आतल्या भागांतून, नदीकाठच्या वस्त्यांतून कुटुंबं इथं आली तेव्हा घर मिळालं, पण काम लांब पडलं. सकाळी शटल रिक्षातून मोटा वराछा, अमरोली, कतारगामच्या उंच इमारतींकडे जाणाऱ्या बायकांत आपल्या धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या कितीतरी असतात. घरात अहिराणी, मालकिणीशी गुजराती, मुलांच्या शाळेत हिंदी. त्यांच्यातली प्रत्येक जण तीन-तीन भाषांत दिवस काढते आणि तरी कामावर तिला कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. शकुंतलेची सकुबाई होते, तशीच. सकुबाई मुंबईची आहे हे खरं, पण तिची गोष्ट तापीच्या या काठावर जराही परकी होत नाही.

'बा, बहू और बेबी'कडे या वाटेनं आलं की गोदावरी ठक्करही वेगळी दिसू लागते. त्या वर्षांतल्या मालिका आठवा. भरजरी साड्या, घरातही दागिन्यांनी मढलेल्या सासवा, एकेका वाक्यावर तीन-तीन वेळा चेहऱ्याकडे धावणारा कॅमेरा. बायका दिवसभर घरात असूनही कुणी भांडं घासताना दिसत नसे. आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया यांच्या या मालिकेतली बा साधी साडी नेसते, सहा-सात संसारांचा एकत्र गाडा हाकते आणि घरातल्या प्रत्येकाचं पोट, पथ्य, रुसवा तिच्या ध्यानात असतो. देवेन भोजानी यांचा गट्टू, म्हणजे वयानं वाढलेला पण बुद्धीनं लहान राहिलेला मुलगा, आणि बा यांचे प्रसंग मला त्या मालिकेतले सर्वोत्तम वाटतात. भोजानी यांची भूमिका हालचालींनी भरलेली. सरिता जोशी समोर जवळजवळ काही करत नाहीत. त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबतात. अशा मुलाच्या आईला थांबण्याची जी सवय झालेली असते, ती त्यांनी नेमकी पकडली आहे.

पुढे मालिका लांबत गेली तशी बा उपदेश करू लागली, घरात काहीही झालं की न्यायनिवाडा तिच्याकडेच. लांबणाऱ्या मालिकेचा हा रोगच आहे आणि त्यातून ही भूमिकाही पूर्ण सुटली नाही. तरीही इतकी वर्षं एक पात्र निभावताना सरिता जोशी यांनी बाला देवी होऊ दिलं नाही. ती चिडते, पक्षपात करते, चुकते. ज्या घरांत म्हातारी माणसं आहेत त्यांना ती पटली ती यामुळेच.

सिनेमा त्यांनी थोडा केला आणि त्यातलं एकच काम मी इथं घेतो. शशांत शाह यांचा 'दसविदानिया', २००८. अमर कौल या साध्यासुध्या, एकट्या माणसाला कळतं की आपल्याकडे तीन महिने उरले आहेत. तो करायच्या दहा गोष्टींची यादी काढतो. विनय पाठक यांचा अमर, आणि सरिता जोशी त्याची आई. यादीत गिटार शिकणं आहे, आणि तो गिटारवर आईसाठी गाणं म्हणतो तो प्रसंग कैलाश खेर यांच्या आवाजामुळे अनेकांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात राहिली ती ऐकणारी आई. मोठं वाक्य नाही, नाट्यमय हालचाल नाही. मुलगा आपल्या आधी जाणार आहे हे ठाऊक असलेल्या बाईचं नुसतं समोर असणं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याच्या शाळेतून आलेल्या नटीनं कॅमेऱ्यासमोर आवाज पूर्ण काढून टाकला आहे. रंगभूमीवरच्या पुष्कळ थोर नटांना सिनेमात हे साधलं नाही. मोठ्या प्रेक्षागृहाची सवय त्यांच्या भुवयांतून जात नाही. ज्यांना कुणाला सरिता जोशी फक्त 'बा' म्हणून माहीत आहेत, त्यांनी हा प्रसंग एकदा गाण्याकडे लक्ष न देता, फक्त आईकडे पाहत बघावा.

२०२०च्या पद्मश्रीच्या यादीत सरिता जोशी यांचं नाव आलं. त्याच यादीत सुरतेचे पारशी रंगकर्मी यझदी करंजिया होते. गुजराती नाटकासाठी हे मोठं वर्ष होतं आणि आम्हा सुरतकरांनाही त्यात हक्काचा वाटा होता. सुरत नाटक पाहणारं शहर आहे. संजीवकुमार यांचा जन्म इथला, आणि त्यांच्या नावाचं प्रेक्षागृह पाल भागात उभं आहे. चौकाजवळचं रंगउपवन आहे. जागांची वाण नाही. पण या जागांमध्ये कोसाडची घरकाम करणारी बाई प्रेक्षक म्हणून पाऊल ठेवते का? पदराला हात पुसत रोज संध्याकाळी घरी पोचणाऱ्या बाईला रात्री साडेनऊचा प्रयोग कसा जमणार, आणि तिकीट कोण काढणार?

म्हणून सुरतेतल्या मराठी मंडळांना माझं एक सांगणं आहे. गणपतीत ऑर्केस्ट्रा होतो, हळदीकुंकू होतं, शिवजयंतीची मिरवणूक निघते. हे सगळं व्हावंच. त्यात एका वर्षी 'सकुबाई' घ्या. लेखिकेची रीतसर परवानगी काढा आणि आपल्यातल्याच एखाद्या तयारीच्या अभिनेत्रीला सहा महिने तालीम करू द्या. तिनं सरिता जोशी यांची नक्कल करू नये, आपल्या आसपासच्या बायका पाहाव्यात. प्रयोग पालच्या प्रेक्षागृहात ठेवू नका. कोसाड आवासमध्ये ठेवा, दुपारी दोन वाजता, सकाळची कामं संपल्यानंतर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी. तिकीट लावू नका. पहिल्या रांगा घरकाम करणाऱ्या बायकांसाठी राखा, आणि ज्यांच्याकडे त्या कामाला जातात त्या मालकिणींनाही बोलवा; त्यांना मागच्या रांगांत बसू द्या.